दहाची रेघ

हेदपाडा, १० नोव्हेंबर

मधुकरभाऊजी,

तुमच्या वहिनीचा नमस्कार. हे पत्र पांड्याच्या जीपमधून पाठवते आहे. टेकडीवर चढून फोन लावला तर दोन वाक्यांत आवाज तुटतो आणि स्वरा पलीकडून नुसती हॅलो हॅलो करत राहते. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. पोरगी बारावीच्या वर्षाला तुमच्या घरी आहे म्हणून मी इथे निवांत झोपते, हे तुम्हाला आणि जाऊबाईंना सांगायचं राहूनच जातं.

दिवाळी सरली आणि पाड्यावर बोचकी बांधायला सुरुवात झाली. निम्मा पाडा भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातो, तो पेरणीच्या तोंडाशी परत येतो. दर वर्षी या दिवसांत मी घरोघरी फिरते. "तुम्ही जा, पोरांना म्हातारीपाशी ठेवा. दुपारचं जेवण शाळेत होईल, बाकी मी बघते." एवढंच माझं भाषण. यंदा जिव्याने फार ताणलं. त्याची कमू तिसरीत आहे आणि धाकट्या भावाला भट्टीवर सांभाळायला तीच हवी होती. शेवटी जिव्याची आई येसू त्याला म्हणाली, "राहू दे रं पोरीला. बाय हाय ना हितं." कमू राहिली. पटावर चौदा मुलं, आणि चौदाच्या चौदा मागे राहिली. मी इथे आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

काल केंद्रशाळेत तुमच्या संघटनेचं पत्रक मिळालं. बेमुदत संप म्हणजे किती दिवसांचा, भाऊजी? सुशील सरांची बदली झाल्यापासून या शाळेत मी एकटी आहे. मी गेले की शाळा गेली. तुम्ही जिल्ह्याचे सरचिटणीस, तुम्हाला ठाऊक असेल. मला येसूला उत्तर द्यायचं आहे.

तुमची
आशालता वहिनी


जव्हार, १३ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. पत्र पोचलं. स्वराची चाचणी बरी गेली. अभ्यासाला बसली की जेवायलाही हाक मारावी लागते.

आता संपाचं. तुम्ही विचारलंत म्हणून मोकळेपणाने सांगतो. वीसपेक्षा कमी पटाच्या सगळ्या शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत न्यायची, असा मसुदा वर तयार आहे. जव्हार-मोखाड्यात वीसच्या आतल्या शाळा किती, हे तुम्हाला मी काय सांगणार? पाडेच्या पाडे बिनशाळेचे होतील. निवेदनं दिली, शिष्टमंडळं नेली, चहा पिऊन परत आलो. आता संपाशिवाय दुसरं हत्यार उरलेलं नाही.

हा संप पगारासाठी नाही, वहिनी. तुमच्या हेदपाड्यासाठी आहे. पण एक जरी शाळा उघडी राहिली तरी संप फसला म्हणून तेच दाखवतील. आणि ती माझ्या वहिनीची शाळा असली तर मी कोणत्या तोंडाने बोलू? दादांनी या तालुक्यात संघटना उभी केली, तेव्हा घरात चूल पेटायची नाही अशा दिवसांत तुम्ही त्यांच्यामागे उभ्या राहिलात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सोमवारी कुलूप लावा आणि मोखाड्याच्या धरण्याला या. चार-पाच दिवसांत निकाल लागेल. येसूला तसंच सांगा.

आपला
मधुकर


मोखाडा, २४ नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्ही चर्चेसाठी मुंबईला गेल्यापासून तुमचा फोन सतत गुंतलेला आहे, म्हणून तिकडे येणाऱ्या मंडळींबरोबर ही चिठ्ठी देते.

सोमवारी कुलूप लावलं. खिचडी शिजवणारी सरू पातेलं पालथं घालून उभी होती. म्हणाली, "बाय, उद्याला येव का नको?" मी म्हटलं, चार-पाच दिवस थांब. मुलं सुट्टी मिळाल्यासारखी उड्या मारत गेली. एकटी कमू पायरीवर बसून राहिली.

तेव्हापासून मी मोखाड्यातच आहे. पंचायत समितीसमोर आम्ही रोज बसतो. खोटं कशाला लिहू, मला इथे बरं वाटतं. इतक्या वर्षांनी इतकी माणसं एका आवाजात बोलताना ऐकली. पोशेऱ्याचे, खोडाळ्याचे, सगळीकडचे शिक्षक आलेत. तुमच्या दादांचं नाव घोषणेत आलं तेव्हा मला पदर डोळ्यांना लावावा लागला.

पण आठवडा उलटला, भाऊजी. बाजाराच्या दिवशी सरू भेटली. म्हणाली, भट्टीच्या मुकादमाची गाडी पुन्हा पाड्यावर येऊन गेली. कोण कोण गेलं विचारलं तर ती नीट सांगेना. मी एक दिवस जाऊन येते म्हटलं तर इथले म्हणाले, आता संप ऐन भरात आहे, सरचिटणीसांच्या वहिनीच उठल्या तर कसं दिसेल? मी बसून राहिले.

लवकर मिटवा.

वहिनी


जव्हार, २९ नोव्हेंबर

वहिनी,

जिंकलो.

काल संध्याकाळी चर्चा संपली. आत आम्ही सहा जण, समोर सगळे मोठे साहेब. त्यांनी वीसची रेघ सोडायला साफ नकार दिला होता. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे एक पाडा म्हणजे दहा-बारा घरं. वीस मुलं आणायची कुठून? मी तुमच्या शाळेचं उदाहरण दिलं, हेदपाड्याचं नाव घेऊन. एक बाई, चौदा मुलं, आणि यंदा एकही मूल भट्टीवर गेलेलं नाही. साहेबांनी मिटलेली फाईल पुन्हा उघडली. शेवटी वीसची रेघ दहावर आली. दहा आणि त्यापुढचा पट असलेली एकही शाळा बंद होणार नाही, हे लिहून घेतलं. संपाचे दिवस रजेत धरतील आणि कुणावर कारवाई नाही. आम्ही सह्या केल्या.

आपल्या तालुक्यांतल्या बहुतेक शाळा वाचल्या. दहाच्या आतल्या मोजक्याच आहेत, त्यांना इलाज नव्हता. तुमचा हेदपाडा चार मुलांनी सुखरूप आहे.

जव्हारला आज पेढे वाटले. स्वराने मैत्रिणींना सांगितलं, माझ्या आईच्या शाळेमुळे निकाल फिरला. आता हसतमुखाने कुलूप काढा.

आपला
मधुकर


हेदपाडा, ४ डिसेंबर

भाऊजी,

पेढे पोचले. मुलांना वाटले.

शाळा उघडली आहे. मुलं हळूहळू येतील. थंडी बरीच पडते, स्वराचा लोकरी स्वेटर लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे, तो तिला द्या.

पटाची पडताळणी कधी होणार आहे, ते कळलं तर कळवा.

वहिनी


जव्हार, १० डिसेंबर

वहिनी,

एवढंसं पत्र. तुम्ही दमला असाल, की माझ्यावर रागावलात? एकदाही पाड्यावर जाऊ दिलं नाही, त्याचा राग असेल तर तो रास्त आहे. पण आता सगळं गोड झालं ना?

पडताळणी महिनाअखेरीला आहे. तुम्हाला त्याची काळजी करण्याचं कारण नाही.

एक विनंती आहे. जानेवारीत संघटनेने जव्हारला मेळावा ठेवलाय. आम्हा सहा जणांचा सत्कार आहे. अध्यक्षांची इच्छा अशी की वाचलेल्या शाळेच्या शिक्षिका म्हणून तुम्ही चार शब्द बोलावेत. दादा असते तर पहिल्या रांगेत बसले असते. होकार कळवा.

आपला
मधुकर


हेदपाडा, १९ डिसेंबर

भाऊजी,

मी मेळाव्यात बोलू शकणार नाही. कारण आता लिहिते. आधीच लिहायला हवं होतं, पण तुमच्या आनंदावर पाणी टाकायला हात धजेना. शिवाय वाटत होतं, की काही मुलं तरी परत आणीन.

मी परत आले तेव्हा पाड्यावर सहा मुलं होती. आठ गेली. शाळा बंद, दुपारचं जेवण बंद, बाई मोखाड्याला. म्हाताऱ्यांनी चार दिवस वाट पाहिली, पाचव्या दिवशी मुकादमाची गाडी आली. येसू तापाने पडली होती. तिनेच कमूला गाडीत बसवलं.

गेल्या शनिवारी मी भिवंडीकडे गेले. मुकादमाला विचारत विचारत भट्टी सापडली. कमू ओल्या विटा उलटत होती, धाकटा भाऊ शेजारी मातीत बसला होता. मला पाहून तिने हात फ्रॉकला पुसले, दोन्ही पाय जुळवून उभी राहिली आणि वर्गात म्हणते तसं लांबलचक "नमस्ते बाई" म्हणाली. आजूबाजूची माणसं हसली. तिला काही त्याचं वाटलं नाही.

जिव्या बाजूला आला. मी त्याला म्हटलं, "शाळा उघडली आहे. पोरीला माझ्याबरोबर पाठव."

"बाई, तुमी सांगलाव म्हनून मी ठेवली हुती तिला," तो म्हणाला. "आयला ताप आला. पोरगी शालेच्या पायरीवर बसून उपाशी घरा यायची. कुलूप तुमीच लावलाव ना?"

"तुमच्याच शाळेसाठी लावलं होतं, जिव्या."

"आमच्या शालेसाठी आमच्या शालेला कुलूप?"

तो टोमणा मारत नव्हता, भाऊजी. त्याला खरंच कळलं नव्हतं आणि तो मला विचारत होता. धरण्यावर मी इतके दिवस घोषणा दिल्या, पण भट्टीच्या धुरात त्याला समजेल असं एक वाक्य मला जुळवता आलं नाही.

तो पुढे म्हणाला, "आता नाय जमायचा. बायको विटा घालते, बारक्याला कोन बगील? पुडच्या साली बगू."

मी आठही मुलांच्या आईबापांना भेटले. सगळ्यांनी चहा दिला. एकानेही मूल दिलं नाही.

तुम्ही साहेबांना सांगितलंत की यंदा हेदपाड्याचं एकही मूल भट्टीवर गेलेलं नाही. तुम्ही सांगत होतात तेव्हा ती गाडी भिवंडीला पोचलेली होती.

वहिनी


जव्हार, २३ डिसेंबर

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. 

काल मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, जे स्थलांतर करून गेलेत त्यांना पटात धरा, ती त्याच पाड्याची मुलं आहेत. ते म्हणाले, "सरचिटणीस, रेघ तुम्हीच मागितलीत. सही तुमची आहे. आता रेघेच्या अलीकडे तुमची शाळा आली म्हणून ती हलवा म्हणता?" तिथून उठून आलो.

कार्यकारिणीपुढे विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, एका पाड्यासाठी करार उघडला तर ते पुन्हा वीसवर जातील आणि वाचलेल्या सगळ्या शाळा हातच्या जातील. लगेच पुढचा विषय निघाला. मीही तो निघू दिला. वहिनी, ते खोटं सांगत नव्हते. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आता मी एक सांगतो ते शांतपणे ऐका. चौदा नावं पटावर आहेतच. पडताळणीला येणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. त्या दिवशी शेजारच्या वाडीतली चार-पाच मुलं वर्गात बसवा. कोणी चेहरे ताडून पाहणार नाही. एका दिवसाचा प्रश्न आहे. पुढच्या दिवाळीला तुम्ही पुन्हा सगळ्यांना थांबवाल आणि चौदा खरे होतील. असं पुष्कळ ठिकाणी होतं. माझ्या तोंडून हे यावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

मधुकर


हेदपाडा, २ जानेवारी

भाऊजी,

पडताळणी झाली. मी सहा सांगितली, सहाच मोजली गेली.

तुम्हाला वाटेल, वहिनीने तत्त्व सांभाळलं. तसं नाही. तुमचं पत्र आल्यावर मी शेजारच्या वाडीत गेले होते. मुलं द्यायला तिथले आईबाप तयारही होते. परतताना ममताबाईंचा निरोप आला. त्या भट्टीजवळच्या शाळेत शिकवतात, आपल्याच संघटनेच्या आहेत. धरण्यात कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं होतं, म्हणून मी भिवंडीहून येताना त्यांना भेटून आले होते. त्या दोनदा भट्टीवर जाऊन आल्या. कमूला आणि आणखी तिघांना रोज शाळेत सोडायला मालकाला राजी केलं त्यांनी. फक्त मुलांची शिक्षण हमी कार्डं, म्हणजे मूल इथून तिकडे गेल्याची मूळ शाळेची नोंद, पाठवा म्हणाल्या, म्हणजे तिकडच्या हजेरीत नाव घेता येईल.

कमू हेदपाड्यात हजर आहे असं मी लिहिलं, तर भिवंडीला ती नाहीच. तिथे तिला शाळाही नाही, जेवणही नाही. एका मुलीला मी दोन ठिकाणी कशी बसवू?

आठही मुलांची कार्डं भरून मी पांड्याच्या जीपने पाठवली. मग फळ्यावर सहाचा पट लिहिला. आलेले साहेब सज्जन होते. दोनदा विचारलं त्यांनी, "बाई, एवढीच?" मी म्हटलं, एवढीच.

मेळाव्याला माझी वाट पाहू नका. पण सत्कार जरूर घ्या. बाकीच्या शाळा तुम्ही खरंच वाचवल्यात.

वहिनी


जव्हार, २० एप्रिल

वहिनी,

पांड्या म्हणाला, तुम्ही हल्ली पत्रं देत नाही. स्वराशी टेकडीवरून बोलता तेवढंच.

आदेश निघाला. जूनपासून हेदपाड्याची मुलं पोशेऱ्याच्या शाळेत. तुमचं समायोजन जव्हारला, गावातल्या शाळेत, घरापासून चालत जाण्यासारखं. यात मी शब्द टाकलेला नाही. करारात कलमच आहे की बंद झालेल्या शाळेच्या शिक्षकाला पसंतीची जागा आधी द्यायची. ते कलम मीच घालून घेतलं होतं. शिक्षकाचं काय होणार, याचा विचार आम्ही बारकाईने केला होता.

स्वराची परीक्षा झाली. तिला बातमी सांगितली तर तिने त्याच दिवशी खोलीतली अर्धी फडताळं रिकामी केली. म्हणाली, आईचं सामान इथे लावू. दादा गेल्यापासून तुम्ही दोघी एका घरात फक्त सुट्टीतच राहिलात. निदान आता तरी तुमचं चांगलं व्हावं.

मेळावा झाला. मी शाल घेतली. भाषण केलं नाही.

मधुकर


पोशेरा, २७ जून

भाऊजी,

मे महिन्यात घरात जे बोलणं झालं ते पुन्हा काढत नाही. तुम्ही म्हणालात, जव्हार सोडून पोशेरा मागून घेणं म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेणं. जाऊबाई म्हणाल्या, पोरीचा विचार करा. स्वरा काहीच म्हणाली नाही आणि निघताना स्टँडवरही आली नाही. तुमच्यापैकी कुणी चूक होतं असं मला वाटत नाही. पण ती मुलं अनोळखी वर्गात पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभी राहतील आणि त्यांना नावाने ओळखणारं तिथे कुणी नसेल, हे मला सहन झालं नसतं.

शाळा सुरू झाली. मागे राहिलेल्या सहांपैकी चार येतात. उरलेली दोघं फार लहान आहेत, त्यांच्याने एवढी चाल होत नाही. भट्टीवरून परतलेल्या आठांपैकी पहिल्या दिवशी एकटी कमू आली, जिव्या तिला घेऊन आला होता. भाऊजी, ती आता घडाघडा वाचते. ममताबाईंनी फार छान शिकवलंय. नवं पुस्तक हातात दिलं तर उभ्या उभ्या दोन धडे वाचून काढले. जिव्या दारात उभा राहून ऐकत होता. ओठ हलत होते त्याचे.

आठवडाभर आली. मग ओहोळाला पाणी चढलं आणि ती यायची थांबली. रविवारी मी पाड्यावर गेले. जिव्या राबात भाताची रोपं बघत होता. म्हणाला, "बाई, लांब पडतंय. पोर एकली वाटेत, माजा जीव लागत नाय कामात. तुमी हितं हुताव तवा गोष्ट येगळी हुती."  तिला न्यायला-आणायला रोज कुणी माणूस देऊ शकत नाही मी. अर्ज केलाय, वाहनाची सोय करा म्हणून. उत्तर नाही.

निघताना कमू बांधापर्यंत सोडायला आली. हात चिखलाने भरलेले. मी म्हटलं, पाणी उतरलं की ये बाळा, मी वाट बघते. तिने मान हलवली. मग विचारलं, "बाई, भट्टीची शाळा कधी चालू होल?"

तिला दिवाळीची वाट पाहायची आहे. विटा उलटायला जाण्याची वाट पाहते आहे माझी मुलगी, कारण तिची शाळा तिकडे आहे. मी म्हटलं, दिवाळीनंतर. ती बोटांवर महिने मोजत परत गेली.

ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत मला बोलायला वेळ द्या. मी संघटना सोडलेली नाही, सोडणारही नाही. संप चुकला असंही म्हणणार नाही, कारण तो नसता तर आज वीसच्या आतल्या सगळ्या पाड्यांवर हेच चाललं असतं. मी भाषणसुद्धा करणार नाही. कमूने काय विचारलं ते सांगेन आणि मग एकच मागेन, की स्थलांतर करून गेलेलं मूल त्याच्या पाड्यावर मोजा, आणि पुढचा करार होईल तेव्हा त्या टेबलाशी पाड्यावरचा एक तरी बाप बसवा. अध्यक्ष मला आवरतं घ्यायला सांगतील. तुम्ही त्यांच्या शेजारी बसलेले असाल. तेव्हा माझ्याकडे बघा, एवढंच.

स्वराला सांगा, शनिवारी येते. ती बोलली नाही तरी येते.

तुमची
आशालता वहिनी